आगगाडीचीं गणितें

अंकगणिताच्या पुस्तकांत हौद, मजूर आणि आगगाडी हीं तीन स्थळें अशीं आहेत कीं, तेथें पोंचतांच पुष्कळ मुलांचा चेहरा उतरतो. हौदाला एक भरणारा आणि एक रिकामा करणारा असे दोन नळ असतात, मजूर काम अर्धवट टाकून निघून जातात, आणि आगगाड्या तर एकमेकींच्या अंगावर धांवूनच येत असतात! त्यांतल्या त्यांत हौद आणि मजूर घरीं-दारीं पाहावयास मिळतात. आगगाडीचें तसें नाहीं. जिच्या लांबीवर, वेगावर आणि पूल ओलांडावयास लागणाऱ्या सेकंदांवर आमच्या तालुक्यांतल्या कित्येक पिढ्यांनीं पाट्या भरल्या, ती आगगाडी त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलेलीच नव्हती.

आमचें शिरूर कासार सिंदफणेच्या कांठीं आहे. बीड जिल्ह्यांतला हा तालुका डोंगराळ, हलक्या जमिनीचा आणि पावसाच्या लहरीवर जगणारा. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला परळी-वैजनाथ येथें आगगाडी निजामी अमलांतच आली होती. बाकीच्या जिल्ह्याला मात्र ती परकीच राहिली. अहमदनगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरांचा लोहमार्ग 1995 सालीं मंजूर झाला. त्यावरून आष्टीची गाडी सुरू झाली 23 सप्टेंबर 2022 रोजीं, आणि खुद्द बीड शहराला गाडी मिळाली 17 सप्टेंबर 2025 रोजीं. एवढ्या अवधींत अहमदनगरचें अहिल्यानगर झालें! आतां गाडी आमच्याच तालुक्यांतल्या रायमोह्यावरून जाते. शिरूर गांव अजूनही रुळांपासून दूरच आहे. आमचे मामंजी नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांचें शिक्षण निजामाच्या राज्यांत उर्दू माध्यमांतून झालें. ते म्हणतात, “आमच्याकडे आगगाडी आधीं पुस्तकांत आली, आणि मग पाऊणशें वर्षांनीं रुळांवर आली.”

मी या घरांत सून म्हणून आलें, त्याला तीस वर्षें होत आलीं. गणित हा माझा पदवीचा विषय. कुटुंब एकत्र, त्यामुळें पाटी घेऊन समोर बसणारें एखादें मूल घरांत नाहीं, असें वर्ष गेलें नाहीं. दिरांचीं मुलें आलीं, त्यांच्यामागून आळींतलीं आलीं, आणि दिवेलागणीनंतर ओसरीवर गणिताची बैठक बसूं लागली. तेथें आगगाडीविषयींचा पहिला प्रश्न नेहमीं एकच असे : “काकू, इथं वेगांची बेरीज करायची कीं वजाबाकी?”

या प्रश्नांतच सारी अडचण सांठविलेली आहे. मुलांस सूत्र पाठ असतें : विरुद्ध दिशा असेल तर बेरीज, एकच दिशा असेल तर वजाबाकी. सूत्र बरोबर आहे. परंतु प्रश्नाच्या भाषेंत थोडा बदल झाला, ‘दिशा’ हा शब्दच आला नाहीं, कीं मूल गोंधळतें आणि शेजारच्याच्या वहींत पाहूं लागतें. म्हणून मी सूत्र बाजूला ठेवून मुलांना एक गोष्ट सांगूं लागलें. ती आगगाडीहून फार जुनी आहे.

आर्यभटानें इ. स. 499 मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, आपला ग्रंथ रचला. त्याच्या गणितपादांत दोन ग्रहांच्या भेटीचा काळ काढण्याची रीत दिली आहे. ग्रह समोरासमोर चालले असतील तर मधल्या अंतराला दोघांच्या गतींच्या बेरजेनें भागावें. एकाच बाजूला चालले असतील तर गतींच्या वजाबाकीनें भागावें. आमच्या मुलांच्या पुस्तकांतलें सूत्र तें हेंच. पृथ्वीवर पहिली आगगाडी धांवण्याआधीं तेराशें वर्षें तें लिहिलें गेलें आहे. त्याच ग्रंथाच्या गोलपादांत एक दृष्टान्त आहे. नावेंत बसून पुढें जाणाऱ्या मनुष्याला कांठावरच्या स्थिर वस्तु जशा मागें जातांना दिसतात, तसेच स्थिर तारे आपणांस पश्चिमेकडे जातांना दिसतात, असें तेथें म्हटलें आहे. हे दोन उतारे एकाशेजारीं एक ठेवले म्हणजे रीत आणि रीतीचें कारण, दोन्ही हातीं येतात. दोन चालत्या वस्तूंपैकीं एकींत आपण जाऊन बसावें, तिला स्थिर मानावें, आणि मग दुसरी कशी दिसते तें पाहावें. बेरीज कीं वजाबाकी, हें मग कोणाला विचारावें लागत नाहीं.

अर्थात् लहान मुलांना हें नुसतें सांगून पटत नाहीं; अंगणांत चालवून दाखवावें लागतें. आमच्या चौकांत आम्ही कपडे वाळत घालण्याची लांब दोरी घेतों. सात-आठ मुलें ती धरून एकामागें एक उभीं राहतात. ही झाली गाडी. तुळशीवृंदावनाशेजारीं एक मूल खांब होऊन उभें राहतें. गाडीचें तोंड खांबाशीं आलें कीं मामंजी ओसरीवरून “हं” म्हणतात, आणि शेवटचें मूल खांब सोडून गेलें कीं पुन्हां “हं” म्हणतात. खांब ओलांडण्यास गाडीला आपल्या स्वतःच्याच लांबीइतकें चालावें लागतें, हें मग डोळ्यांना दिसतें. त्यानंतर जेवणाचे पाट ओळीनें मांडून फलाट करावयाचा. आतां शेवटचें मूल फलाटाच्या पलीकडच्या टोकाला पोंचेपर्यंत गाडी किती चालली? फलाट आणि शिवाय स्वतःची लांबी. घरांतल्या अगदीं धाकट्या नातवानेंही हें एकदांच पाहून सांगितलें.

येथें एकमापाची अडचण येते, तीही आधींच काढून टाकावी. वेग ताशीं किलोमीटरांत दिलेला असतो आणि लांबी मीटरांत. ताशीं 18 किलोमीटर म्हणजे तासाला 18,000 मीटर; तासाचे सेकंद 3,600; म्हणून सेकंदाला 5 मीटर. ही एक जोडी, 18 आणि 5, ध्यानांत ठेवली कीं 36 चे 10, 54 चे 15, 72 चे 20 आणि 90 चे 25 हे आपोआप होतात. मामंजींच्या वेळीं मैल आणि फूट होते. ताशीं 15 मैल म्हणजे सेकंदाला 22 फूट, ही त्यांची जोडी त्यांना अजून तोंडपाठ आहे. तेव्हां 150 मीटर लांबीची गाडी ताशीं 54 किलोमीटर वेगानें जात असेल, तर खांब 10 सेकंदांत ओलांडील, आणि 300 मीटर लांबीचा फलाट 450 भागिले 15, म्हणजे 30 सेकंदांत ओलांडील.

आतां दोन गाड्या घेऊं. एक हीच, 150 मीटरांची, ताशीं 54 किलोमीटर वेगाची. दुसरी 200 मीटरांची, ताशीं 36 किलोमीटर वेगाची. आपण दुसरींत बसावें. ती उभी आहे असें मानावें. ती जणुं 200 मीटरांचा फलाटच झाली. गाड्या समोरासमोर येत असतील तर पहिली आपल्याला सेकंदाला 15 आणि 10 मिळून 25 मीटर वेगानें येतांना दिसेल. तिला चालावयाचें आहे 150 अधिक 200, म्हणजे 350 मीटर. उत्तर 14 सेकंद. त्याच दोन गाड्या एकाच दिशेनें चालल्या असतील, तर वेगवान गाडी आपल्याला सेकंदाला अवघे 5 मीटर सरकतांना दिसेल. उत्तर 70 सेकंद. गाड्या त्याच, लांबी तीच, आणि वेळ मात्र पांचपट! शिवाय प्रश्न जर असा असेल कीं, दुसऱ्या गाडींत खिडकीपाशीं बसलेल्या मनुष्यापुढून पहिली गाडी किती वेळांत निघून जाईल, तर तो मनुष्य म्हणजे खांब. त्याच्यापुढून 150 मीटरच जावयाचे. समोरून येत असेल तर 6 सेकंद, मागून येत असेल तर 30. हे दोन प्रश्न मुलें फार वेळां एकच समजतात. ओलांडणारा कोण आणि ओलांडला जाणारा फलाट कीं खांब, एवढें आधीं विचारण्याची संवय लावली म्हणजे गोंधळ होत नाहीं.

2025 च्या चैत्रांत आमच्या ओसरीवर एक नवी मुलगी येऊन बसूं लागली. सातवींतली होती. तिचे आईवडील ऊंसतोडीला जातात. आमच्या तालुक्यांत दसरा-दिवाळी झाली कीं गांवें ओस पडूं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन पश्चिम महाराष्ट्रांतल्या व कर्नाटकांतल्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. हंगाम संपवून तीं परत येतात तेव्हां चैत्र लागलेला असतो. ही मुलगी धाकट्या भावाला सांभाळावयास बरोबर गेली होती, आणि शाळेचे पांच महिने तेथेंच राहिले होते.

त्या संध्याकाळीं मीं वर सांगितलेलें दोन गाड्यांचें गणित घातलें होतें. इतर मुलें पेन्सिल चघळीत बसलीं होतीं. एकाच दिशेनें जाणाऱ्या गाड्यांना इतका वेळ कां लागावा, हें त्यांच्या मनाला पटेना. ती मुलगी हळूच म्हणाली, “काकू, आम्ही उसाच्या ट्रॉलीवर बसून जातो ना, तवा मागून आलेला ट्रक लई येळ बाजूलाच राहतोय. त्यातला ड्रायव्हर आपल्याशी बोलूबी शकतोय. समोरून आलेला मात्र आला अन् गेला.” ओसरीवर क्षणभर कोणी बोललें नाहीं. जें आर्यभटानें नावेवरून सांगितलें, तेंच या मुलीनें ऊंसाच्या मोळ्यांवर बसून पाहिलें होतें. तिला बेरीज-वजाबाकीचें सूत्र ठाऊक नव्हतें. पण बेरीज कोठें आणि वजाबाकी कोठें, हें तिनें एका दमांत सांगितलें. मग 350 ला 25 नें भागावयाची वेळ आली आणि तिची पेन्सिल थांबली. तो भाग शाळेंत झाला तेव्हां ती फडांत होती.

तिचे प्रश्नही पुस्तकांतल्यासारखे नसत. एकदां मीं मुलांना आमच्या नव्या लोहमार्गावरचें गणित दिलें. समजा, 261 किलोमीटरांचा सारा मार्ग चालू झाला आहे. अहिल्यानगरहून ताशीं 45 किलोमीटर वेगानें एक गाडी, आणि त्याच क्षणीं परळीहून ताशीं 42 किलोमीटर वेगानें दुसरी, अशा निघाल्या. तर त्या केव्हां भेटतील? दोन वेग मिळून 87. 261 ला 87 नें भागिलें कीं बरोबर 3 तास. अहिल्यानगरपासून 135 किलोमीटरांवर, म्हणजे बीडच्या अलीकडे. सर्वांचें उत्तर बरोबर आलें. ती म्हणाली, “पण काकू, रूळ एकच आहे ना?” खरोखरच तो मार्ग एकेरी आहे. अशा मार्गावर दोन गाड्यांची गांठ केवळ स्टेशनांतच पडूं शकते. एकीनें बाजूच्या रुळावर उभें राहावयाचें आणि दुसरीनें निघून जावयाचें. त्यामुळें हें गणित पुस्तकापुरतें राहत नाहीं. वेळापत्रक करणाऱ्यांना गाड्या कोठें आणि केव्हां भेटतील हें आधींच काढावें लागतें, आणि नियंत्रण कचेरींत वेळ व अंतर यांच्या तक्त्यावर प्रत्येक गाडीची तिरकी रेघ ओढतात. दोन रेघा जेथें छेदतात, तेथें भेट. मुलांनीं दुसऱ्या दिवशीं चौकटीच्या वहींत तसा तक्ता काढला. रेघ जितकी उभी तितका वेग अधिक, हें त्यांना न सांगतां समजलें.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एके दिवशीं बाकीचीं मुलें उठून गेल्यावर ती मागें राहिली आणि तिनें विचारलें, “काकू, मी या समद्यांला कवा गांठीन?”

हेंही एका दिशेनें जाणाऱ्या दोन गाड्यांचेंच गणित होतें. तें आम्हीं दोघींनीं पाटीवर मांडलें. वर्ग पांच महिने पुढें आहे. वर्ग महिन्याला एक महिन्याचा अभ्यास करतो. तिनेंही तेवढाच केला तर गतींची वजाबाकी शून्य, आणि अंतर जन्मभर पांच महिनेच राहणार. ‘सगळ्यांच्या बरोबरीनें अभ्यास कर’ असें आपण मागें पडलेल्या मुलाला किती सहज सांगतों! बरोबरीनें चालून मागचा कधीं पुढच्याला गांठीत नाहीं. तिनें महिन्याला दीड महिन्याचा अभ्यास केला, तर वजाबाकी अर्ध्या महिन्याची. पांच भागिले अर्धा, म्हणजे दहा महिने. शाळा जूनच्या मध्यास उघडते आणि ऑक्टोबरांत पुन्हां हंगाम येतो. दहा महिने आणावयाचे कोठून?

मग तिचें लक्ष मे महिन्याकडे गेलें. सुटींत वर्गाची गाडी उभी असते. उभ्या गाडीकडे जातांना आपला सारा वेग आपल्याच पदरीं पडतो, त्यांतून कांहीं वजा होत नाहीं. सुटीचा दीड महिना रोज दुप्पट अभ्यास केला, तर तीन महिन्यांचें अंतर तेवढ्यांतच तुटतें. राहिले दोन महिने. ते जूनपासून दीडपट वेगानें चार महिन्यांत तुटतात. जूनच्या मध्यापासून चार महिने म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. हंगामाच्या अगदीं उंबरठ्यावर हिशेब बसत होता. तिनें तो दोनदां पडताळून पाहिला.

पाटीवर हिशेब बसला, तरी घरांत तो बसवावा लागतो. मे महिना म्हणजे एकत्र कुटुंबांत पापड, कुरडया, लोणचीं, पाहुणे आणि लग्नें यांचा महिना. रोज दोन तास सून पाटी घेऊन बसली, तर तिच्या वांट्याचें काम कोणी करावयाचें? माझ्या जाऊबाईंनीं हा प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. त्यांनींच त्याचें उत्तरही शोधलें. पहाटेचें लाटण्याचें काम माझ्याकडे, आणि दुपारचीं वाळवणें त्यांच्याकडे. पहाटे लाटतांनाही मुलगी समोर बसून पंचवीसचा पाढा म्हणे, आणि सासूबाई माळ ओढतां ओढतां तिची चूक काढीत. महिन्याअखेर भागाकार तिच्या हातांत बसला. अपूर्णांकांना अधिक वेळ लागला.

आश्विनांत तिचे वडील उचल घेऊन आले. मुलगी बरोबर न गेली तर धाकटा मुलगा कोणापाशीं ठेवावयाचा, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. मामंजींनीं त्यांना ओसरीवर बसवून घेतलें आणि उपदेशाचा एकही शब्द न बोलतां पाटीवरचा तो हिशेब दाखविला. एक हंगाम गेला कीं पांच महिने मागें. दुसरा गेला कीं दहा. ते बराच वेळ पाटीकडे पाहत बसले. अशा मुलांसाठीं जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहें चालतात, त्याचीही चौकशी झाली. शेवटीं मुलांची आजी म्हणाली, “दोन्ही लेकरं माझ्यापाशी राहू द्या.” त्या हंगामांत तीं दोघेंही गांवांत राहिलीं. पुढच्या वर्षाचें कोणी कांहीं बोललेलें नाहीं. उचल, कर्ज आणि पाऊस यांवर तें ठरावयाचें आहे.

ज्या वाचकांच्या घरीं मुलें आगगाडीच्या गणितांशीं झगडत असतील, त्यांना माझी एवढीच सूचना आहे कीं, सूत्र पाठ करून घेण्याआधीं त्यांना एका गाडींत बसवावें आणि दुसरीकडे पाहावयास सांगावें. आणि घरांत, शेजारीं अथवा कामाला येणाऱ्या बाईच्या घरीं एखादें मूल मागें पडलेलें असेल, तर सुटीच्या आरंभींच हा पांच महिन्यांचा हिशेब त्याच्याबरोबर मांडावा. त्याला दोन तास देणारें कोणी मोठें माणूस मात्र हवें. वाढीव वेग मुलाला एकट्याला आणतां येत नाहीं.

त्याच वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्ही सारीं मुलें घेऊन रायमोह्याला गाडी पाहावयास गेलों. एका मुलाच्या हातांत घड्याळ, दुसऱ्यानें डबे मोजावयाचे, असें आधींच ठरलें होतें. डब्यांची लांबी सेकंदांनीं भागून गाडीचा वेग काढावयाचा होता. गाडी आली. मुलांनीं घड्याळ दाबलें, डबे मोजले, आणि रुळांपासून लांब उभें राहून भागाकार सुरू केला. आमची ती मुलगी तेवढी लिहीत नव्हती. मीं कारण विचारलें. ती म्हणाली, “ही थांबायला आलीया, काकू. हिचा वेग सारखा कुठं हाय?” पुस्तकांतल्या गाड्या एकाच वेगानें धांवतात, हें गृहीत तिच्या आधीं माझ्या एकाही विद्यार्थ्यानें बोलून दाखविलें नव्हतें. मुलांनीं आपलीं उत्तरें खोडलीं आणि वर ‘सरासरी’ असें लिहिलें.